क्लासची फी भरण्याआधी अर्धं पान लिहून घ्या

सप्रेम नमस्कार,

तुम्ही तासगावहून लिहिलंय की मुलगा सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुण चांगले, पण सरावाच्या मुलाखतीत अडखळला आणि सर म्हणाले, 'कम्युनिकेशन कमी पडतं.' सुट्टीत त्याला पुण्याला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावावा का, असं तुम्ही विचारता. सोबत त्याच्या प्रोजेक्टचा गोषवारा पाठवलात, हे फार बरं केलंत.

तो वाचून स्पष्ट सांगतो, इतक्यात क्लास लावू नका. त्याचं इंग्रजी कामापुरतं ठीक आहे. 'द्राक्षशेतीत सेन्सरचा वापर' असा मथळा आणि खाली पानभर सेन्सरची माहिती. अडचण कोणाची, कधीची, त्यात नुकसान काय, याची एक ओळ नाही. 'हे कशासाठी केलंस?' असं विचारल्यावर तो मराठीतही अडखळला असता. यात एकट्या त्याचा दोष नाही. बारावीपर्यंत आपण मुलांना तयार उदाहरणं सोडवायला देतो, प्रश्न मांडायला कधी सांगतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

त्याचा प्रश्न तर तुमच्या द्राक्षबागेतच आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की दावण्या या पानांवरच्या रोगाच्या धास्तीने फवारणी होते. पान किती वेळ ओलं राहिलं यावर रोगाचा धोका बराचसा ठरतो, पण ते बहुतेक बागांत मोजलं जात नाही. शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की आपलाही सुरू होतो. मुलाने हे असं लिहावं: 'छाटणीनंतर पावसाळी हवेत पान किती तास ओलं होतं हे शेतकऱ्याला कळत नाही, म्हणून फवारणी नको तेव्हा होते किंवा हवी तेव्हा उशिरा होते. आम्ही ते तास मोजून मोबाईलवर कळवू. रोग न वाढता हंगामात किती फवारण्या वाचल्या, ते बघू.' काय मोजायचं हे ठरलं की कोणता सेन्सर घ्यायचा हेही ठरतं.

माहिती कशी द्यावी, हे त्याने सांगलीच्या पुराच्या बातम्यांतून शिकावं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथे पोराटोरांना पाठ असतं. 'सकाळी आठला 38 फूट, पाणी चढतंय' एवढं कळलं की नदीकाठच्या सखल वस्तीतला माणूस सामान हलवतो. ठिकाण, वेळ, आकडा आणि कल, एवढ्यावर त्याला निर्णय घेता येतो. 'पातळीत लक्षणीय वाढ' असं सांगून त्याला काय कळणार? मुलाच्या गोषवाऱ्यात 'लक्षणीय' आहे, आकडा एकही नाही.

या रविवारी त्याला बागेत घेऊन बसा. सेन्सरचं नावही न काढता त्याने तुम्हाला फक्त प्रश्न विचारावेत. मग मराठीत अर्धं पान लिहून आईला वाचायला द्यावं. कागद बाजूला ठेवून त्यांनी काय समजलं ते सांगावं. जिथे त्यांची गल्लत होईल ते वाक्य बदलायचं. 'तसं नाही गं, मला असं म्हणायचं होतं' हे चालणार नाही. नंतर त्याचं इंग्रजी त्याने स्वतः करावं आणि मित्रांसमोर दोन मिनिटांत सांगून बघावं.

एवढं करूनही इंग्रजीत अडतंय असं दिसलं, तर क्लास सांगलीतच बघा, म्हणजे पुण्यातल्या खोलीचा आणि मेसचा खर्च वाचेल. अर्धं पान तयार झालं की मला पाठवा, खुणा करून परत देतो.