घार, बाज की गिधाड?

प्रश्न असा आला आहे: टेक्सासमधील गुरांच्या रँचवर भर दुपारी पंख न हलवता फिरणारे, लाल बोडक्या डोक्याचे मोठे काळसर पक्षी दिसतात, तिथले लोक त्यांना 'बझर्ड' म्हणतात. मराठीत त्यांना घार म्हणावे, बाज म्हणावे की गिधाड, आणि त्यांच्या या उडण्याला कोणते क्रियापद वापरावे?

माझ्या मते गिधाड म्हणावे. ब्रिटनमध्ये बझर्ड हा आपल्याकडच्या तिशासारखा शिकारी पक्षी आहे. तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तेच नाव मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या 'टर्की व्हल्चर'ला लावले. त्यामुळे नावावरून बाज लिहिणे चुकीचे ठरते. अमेरिकेतील गिधाडे आपल्या गिधाडांच्या कुळातली नाहीत हे खरे, शिवाय आपली गिधाडे नजरेवर विसंबतात, तर हा पक्षी वासावरूनही मढे शोधतो. परंतु मराठी माणूस गिधाड ओळखतो ते बोडक्या डोक्यावरून आणि मेलेल्या गुरावर उतरण्याच्या सवयीवरून, आणि या दोन्ही खुणा इथे जुळतात.

घार मात्र म्हणू नये. घारीची शेपटी टोकाशी खाचलेली असते आणि वळताना ती सुकाणूसारखी पिळली जाते. हा पक्षी पंख किंचित वर उचलून धरतो आणि वाऱ्यात डावी-उजवीकडे कलंडत जातो. सकाळी तो कुंपणाच्या खांबावर दोन्ही पंख पसरून ऊन खात बसलेलाही दिसतो. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे आपली गिधाडे इतकी घटली (2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली), की आजच्या कित्येक तरुणांनी गिधाड पाहिलेलेच नाही. आभाळातल्या प्रत्येक मोठ्या पक्ष्याला घार म्हणण्याची सवय त्यामुळेही वाढली असावी, आणि पक्ष्यापाठोपाठ त्याचा शब्दही जावा याचे मला फार वाईट वाटते.

आता क्रियापद. 'घिरट्या घालणे' सर्रास वापरले जाते, पण त्यात कशावर तरी डोळा ठेवून फिरण्याची छटा आहे. घराभोवती घिरट्या घालणाऱ्या माणसाचा आपल्याला संशय येतो तो त्यामुळेच. 'विहरणे' यात मौजेचा भाव येतो. 'घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी' या म्हणीतले 'हिंडते' मला अतिशय आवडते, परंतु त्यातून पंख स्थिर असल्याचे कळत नाही. तापून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने, पंख न मारता राहण्याला 'तरंगणे' हाच नेमका शब्द आहे.

रँचला 'गायरान' म्हणू नये, कारण गायरान गावाचे असते. 'रँच' किंवा 'गुरांचे कुरण' चालेल. मी असे लिहीन: 'ऊन चढले तसे ते गिधाड तापल्या हवेबरोबर वर गेले आणि बराच वेळ कुरणावर तरंगत राहिले, ओढ्याकाठी मेलेल्या वासराचा वास लागला, तेव्हा ते खाली येऊन घिरट्या घालू लागले.'