मुलगा दिवसभर उदास गाणी ऐकतो, काळजी करू का?

"मॅडम, पोरगा सारखी रडकी गाणी ऐकतो. डिप्रेशन तर नसेल ना?" दहावी-बारावीच्या मुलांच्या आया समुपदेशनाला येऊन हे विचारतात तेव्हा मी आधी साध्या गोष्टी विचारते. जेवण-झोप ठीक आहे का? मित्रांत जातो का? गाणं संपल्यावर हलका असतो की आणखी मिटून बसतो? निम्म्या घरांची काळजी एवढ्यावरच उतरते. या एका घराची उतरण्यासारखी नव्हती. (केस घरच्यांच्या आणि मुलाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा अकरावी सायन्सला. मोठा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. धाकट्याच्या कानात कॉलेज आणि क्लास सोडला तर कायम इअरफोन. एक दिवस आईला त्याच्या केमिस्ट्रीच्या वहीच्या शेवटच्या पानावर इंग्रजी ओळी दिसल्या. तिचं इंग्रजी बेताचं, पण अर्थ लागला आणि हातपाय गार पडले. शहरात माझा खून झाला तर टेबलाच्या खणातली चिठ्ठी वाचा, माझ्या सामानाच्या मागे लागू नका, यादी तेवढी नीट बघा, असं काहीतरी.

मुलगा क्लासला गेल्यावर नवरा-बायकोने त्याचा खण पलंगावर पालथा केला. कंपासपेटी, दहावीचं हॉल तिकीट, बंद पडलेले चार्जर, साल निघालेला टेनिस बॉल, चिंचेच्या गोळ्यांचे कागद. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नाही म्हणून जीव भांड्यात पडावा, तर उलटंच झालं. "म्हणजे दुसरीकडे कुठे लपवलीय," आई मला फोनवर म्हणाली. मी दोघांना मुलाला घेऊन त्याच दिवशी यायला सांगितलं.

असं काही हाती लागलं की ते गाणं असो, कविता असो की इन्स्टाग्रामवरची स्टोरी, मी ते हसण्यावारी नेत नाही. मुलाला एकट्याला आत घेतलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यावा, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? आधी कधी आलं होतं?" असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती पालकांच्या मनातून जाता जात नाही. तो शिरत नाही. उलट कोणीतरी नीट विचारतंय म्हटल्यावर मुलं बोलतात. हा मुलगा आधी गोंधळला, मग चिडला. "वही बघितली ना माझी? अहो मॅडम, ते गाणं आहे!"

तरी मी सगळं विचारून घेतलं. झोप, भूक, अभ्यासातलं लक्ष, मित्र, पुढच्या वर्षाचे बेत, आवडीच्या वस्तू कोणाला देऊन टाकल्यात का, हातावर कुठे काही खुणा. मित्रांबरोबर दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्यावर जायचं ठरत होतं, त्याच्या तपशिलात तो शिरला तेव्हा मी थोडी सैलावले. मग म्हटलं, "ऐकव बघू ते गाणं."

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॉन्कर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या स्कॉट आणि सेथ या भावांचा हा बँड, एव्हेट ब्रदर्स. बँजो, गिटार, चेलो, मोठा बास आणि दोन भावांचे एकमेकांत मिसळलेले आवाज. इंडी फोक म्हणतात त्या, लोकगीतांच्या वळणाचं संगीत. हे गाणं 2008 सालचं, 'मर्डर इन द सिटी'. नाव ऐकून कोणत्याही आईचा थरकाप उडेल. प्रत्यक्षात गिटारवर हळू आवाजात गायलेलं, घरच्यांना सांगून ठेवावं तसं गाणं आहे. माझं काही बरंवाईट झालं तर माझ्या नावाने सूड घेत बसू नका, एक जीव गेला तेवढा पुरे, असं तो सांगतो. बहिणीला आणि आईला कळू दे, माझा त्यांच्यावर किती जीव होता. आणि एका आडनावाखाली आपल्याला आणणारं जे प्रेम आहे, त्याच्याइतकं वाटून घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

खरी गोम मधल्या कडव्यात होती. तिथे गाणारा भाऊ मनातलं बोलतो: आम्हा दोघांत चांगला कोण? आईबाबांचा जास्त लाडका कोण? बोलणी मला बसायची, दुसरा सुटायचा. मग वडिलांच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. ते म्हणतात, माझं तुम्हा दोघांवर प्रेम आहे आणि दोघांचा अभिमान आहे, किती वेगवेगळ्या तऱ्हांनी.

मुलाने तिथे गाणं थांबवलं. मग बोटाने मागे नेलं आणि तेवढंच पुन्हा लावलं.

"इथेच का?" मी विचारलं.

"असंच. भारी आहे ना."

उदास गाण्याचं मूल काय करतं हे कळायला अख्खं गाणं बघून भागत नाही. ते कुठे थांबतं, कुठे मागे नेतं, कुठल्या ओळीला आवाज वाढवतं ते बघावं लागतं. इथे मृत्यूच्या ओळी त्याने वहीत उतरवल्या होत्या, त्या शेवटच्या कडव्यातल्या. ऐकत होता तो वडिलांची ओळ.

पुढच्या भेटींमध्ये बाकीचं हळूहळू बाहेर आलं. मोठ्याला दहावीला बोर्डात चांगले मार्क, याला बरे. "दादाकडे बघ जरा" हे वाक्य घरात चहाइतकं नेमाने व्हायचं. दादावर राग, आणि दादा हॉस्टेलला गेल्यापासून खोली खायला उठते हेही तितकंच खरं. गंमत म्हणजे हे गाणं दादानेच पाठवलं होतं, हॉस्टेलवरून, पहिल्याच महिन्यात. खाली एक शब्द नाही, फक्त लिंक. धाकट्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. दोघांनी त्यावर एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं.

या बँडबद्दल मुलाला बरंच ठाऊक होतं. त्यांचा बास वाजवणारा बॉब क्रॉफर्ड, त्याच्या लहानग्या मुलीच्या मेंदूत 2011 साली गाठ निघाली आणि तो काही काळ बँड सोडून तिच्यापाशी थांबला. दोघा भावांनी त्या कुटुंबाला धरून ठेवलं. 2017 साली आलेल्या बँडवरच्या माहितीपटात ते दिसतं. मुलगा हे सांगताना खुर्चीच्या टोकाला आला होता. "बँड चालू ठेवला आणि त्याची जागा पण ठेवली, मॅडम." मरणाच्या नादी लागलेलं पोर अशा गोष्टी इतक्या चवीने सांगत नाही, हे माझं निदान नव्हे, अनुभव म्हणा.

आईचं समाधान मात्र इतक्यात होणार नव्हतं. तिने त्याच्या प्लेलिस्टमधलं याच बँडचं दुसरं गाणं शोधून आणलं. 2016 सालच्या अल्बममधलं, शेवटच्या घटकेला कोणाबद्दल मनात कडू राहू नये असं म्हणणारं. "हे पण मरणाचंच बघा!" मी विचारलं, "ताई, तुमच्या भजनी मंडळात तुकोबांचा निरोपाचा अभंग म्हणता ना? तेव्हा घरचे डॉक्टरकडे नेतात का तुम्हाला?" ती हसली, पहिल्यांदाच. बँडमधल्या भावांचे आजोबा मेथडिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. त्यांच्याकडच्या लोकगीतांत आणि चर्चच्या गाण्यांत मरण आणि माया एकाच दमात येतात. आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.

उदास गाणी माणसं का ऐकतात यावर अभ्यासही झाले आहेत. 2014 साली तारुफी आणि कोएल्श या संशोधकांनी 772 जणांना विचारलं, तेव्हा अशा गाण्यांनी सगळ्यात जास्त वेळा जागं होतं ते दुःख नाही, जुन्या आठवणींची हुरहुर, असं आढळलं. पण सरसकट सगळ्यांना गाण्याने बरं वाटतं असंही नाही. ज्याचं मन आधीच खाली गेलंय त्याला तीच गाणी त्याच विचारात फिरवत ठेवू शकतात. म्हणून 'नंतर कसा असतो' हा प्रश्न मी सोडत नाही. झोप उडाली, खाणं तुटलं, मित्र तुटले, "मी नसलो तर बरं" असं बोलणं आलं, वस्तू वाटून टाकल्या, तर गाण्याची चर्चा बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

वडील पहिल्या दिवसानंतर आले नव्हते. एमआयडीसीत शिफ्ट. शेवटी आले ते मान खाली घालून बसले. "आमच्यात असलं तोंडाने बोलत नाहीत, मॅडम." मी बोला म्हटलंच नाही. पन्नाशीच्या माणसाला सेशनमध्ये बसवून 'मुलाला प्रेम आहे म्हणून सांगा' म्हणणं मला नाटकी वाटतं, आणि मुलांना तर त्याहून. त्याऐवजी मी त्यांना गाण्याची गोष्ट सांगितली. वडिलांच्या ओळीवर ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "काय करतो त्या गाणाऱ्यांचा बाप?"

"वेल्डिंगचा धंदा होता. गिटारही वाजवतात. मुलांबरोबर भक्तिगीतांचा अल्बम केलाय."

"वेल्डर होय?" एवढंच म्हणाले. पण तो 'होय' बराच लांबवला.

मी घरी दोनच गोष्टी करायला सांगितल्या. एक, "दादाकडे बघ" बंद. त्याच्या जागी दुसरं कौतुकाचं वाक्य शोधायची गरज नाही, नुसतं बंद. दुसरी, आठवड्यातून एकदा "एक गाणं ऐकव" म्हणायचं आणि संपल्यावर गप्प बसायचं. यातून काय शिकलास, एवढं दुःखी का, आमच्या वेळची गाणी कशी होती, यातलं काही नाही. इअरफोन काढून घेणं तर मुळीच नाही. आणि वही बघितल्याबद्दल आईने त्याची माफी मागितली. ते मी सांगितलं नव्हतं, तिचं तिने केलं.

पुढे काय झालं? मार्क आहेत तिथेच आहेत. केमिस्ट्री अजून जमत नाही. वडील रविवारी गाडी पुसताना म्हणाले, "लाव ते वेल्डरच्या पोरांचं," आणि फडका मारत राहिले. मुलाने मला हे सांगितलं तेव्हा वर जोडलं, "ते वडिलांच्या ओळीला थांबले नाहीत हां, पुसतच होते. पण तीच पुढची काच दोनदा पुसली."

परवा आईचा पुन्हा फोन. मला वाटलं आता काय. तर मोठा सुट्टीला आलाय आणि दोन दिवसांपासून तोंड फुगवून आहे. "म्हणतो, मी हॉस्टेलला गेल्यापासून धाकट्याचेच लाड चाललेत. त्याला पण आणू का मॅडम?" म्हटलं, आणा. आणि येताना दोघांना एकत्रच आणा.