‘हलाल टूर’ लिहावं का?

सोलापुरात विजापूर वेशीकडे प्रवास कंपनी चालवणारे एक भाऊ विचारतात: मालदीव आणि मलेशियातल्या लंकावी बेटाच्या सहलींची मराठी जाहिरात करायची आहे. ‘हलाल टूर’ लिहिलं तर छापखान्यातला पोरगा हसला, म्हणाला, ‘मालक, गिऱ्हाइकं कापायला नेताय का?’ मग ‘मुस्लिमस्नेही पर्यटन’ बरं का?

पोरगा उगाच हसला नाही. मराठीत ‘हलाल करणे’ म्हणजे गळा चिरणं, आणि त्यावरून छळून छळून संपवणं. शेजारीच ‘हालहाल करणे’ आहे. तो ‘हाल’ अरबीतल्या निराळ्या धातूचा, पण ऐकायला दोघे सख्खे वाटतात. ‘हलाल’ला मराठीत क्रूर छटा चढायला त्याचाही हातभार असावा, असा माझा तर्क. मूळ शब्दात सुरी नाहीच. ह-ल-ल या धातूचा अर्थ गाठ सोडणं, मोकळं करणं; म्हणून हलाल म्हणजे धर्माने ज्याची मुभा दिली ते. ओझी सोडून मुक्कामाला उतरणं हा अर्थही याच धातूचा, आणि उतरण्याच्या जागेवरून ‘महाल’ आणि ‘मोहल्ला’ हे शब्द आले. तेव्हा हलाल आणि मुक्काम यांचं नातं जुनंच आहे, छापखान्याला ते ठाऊक नसलं तरी.

मांसाबाहेरचा हलालही आपल्याकडे होता. ‘निमकहलाल’ म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणारा. झाडूवाल्यांना अकबर ‘हलालखोर’, म्हणजे कष्टाचं खाणारा, म्हणत असे, अशी नोंद आईन-इ-अकबरीत आहे. हा व्यापक अर्थ मराठीत मागे पडला आणि खाटकाच्या दुकानावरची पाटी तेवढी उरली.

पण भाऊ, माझी हरकत हसण्यावरून नाही. हलाल हे विशेषण वस्तूला, कमाईला, कृतीला शोभतं. अख्ख्या सहलीला लावलं की गिऱ्हाइकाला नेमकं काय मिळणार ते कळत नाही. मालदीवच घ्या. देशाचा धर्म इस्लाम, विमानतळावर उतरताना जवळ दारूची बाटली निघाली तर कस्टमवाले ठेवून घेतात. तरी रिसॉर्टच्या बेटांवर दारूही मिळते आणि डुकराचं मांसही. उलट माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊसमध्ये थेंब मिळणार नाही, बिकिनीसाठी वेगळा किनारा आखलेला. पिणारे किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या बोटीवर जातात. एकाच देशात दोन तऱ्हा! मग ‘हलाल मालदीव’ वाचून बायकापोरांसह जाणाऱ्या सोलापूरच्या माणसाला काय समजायचं?

अशा सहली करून आलेल्यांशी बोललं की प्रश्न अगदी बारीक निघतात. चिकन हलाल आहे हे ठीक, पण तवा आणि तेल वेगळं आहे का? पोहण्याच्या तलावावर बायकांसाठी वेगळी वेळ आहे का? संडासात पाण्याचा जेट आहे की नुसता कागद? खोलीत किब्ल्याचा, म्हणजे नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारा, बाण आहे का? हा बाण मलेशिया-इंडोनेशियाच्या हॉटेलांत छताला किंवा टेबलाच्या खणात चिकटवलेला असतो. तिकडे नसला तरी फारसं अडत नाही, कारण सोलापूरसारखाच किब्ला साधारण पश्चिमेला. मॉरिशसला मात्र सवयीने पश्चिमेला तोंड केलं तर चुकलंच. तिथे मक्का उत्तरेला, जराशी पश्चिमेकडे झुकून. ही एक ओळ जाहिरातीत दिलीत तर माणूस तुमच्याकडेच बुकिंग करील.

‘मुस्लिमस्नेही’ मला रुचत नाही. बोलण्यात तो शब्द कोणी वापरत नाही, सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखा वाटतो, आणि मुसलमान गिऱ्हाइकावर काही उपकार चालल्याचा वासही येतो. ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’ तर नकोच. ते वाचून लोक कांदा-लसणाची चौकशी करतील.

माझ्या मते वर मोठ्या अक्षरात नुसतं ‘मालदीव – सहकुटुंब’ लिहा. खाली: ‘हलाल जेवण, दारू नसलेलं गेस्टहाऊस, नमाजाची सोय, बायकांना पोहायला वेगळी वेळ.’ यातली जी सोय खरोखर असेल तेवढीच लिहा. ‘हलाल’ असा ‘जेवण’ला जोडून आला की छापखान्यातला पोरगाही हसणार नाही. आणि उर्दू पत्रकात ‘हलाल टूर’ खुशाल ठेवा, ‘हलाल करना’ तिथेही आहे, पण ‘हलाल’चा व्यापक अर्थ तिथे अजून चालतो.