सा जागेवर, गंधार निघाला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (परभणी) : सर नमस्कार, मी आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, इंग्रजी गाण्याचा आपला काही संबंध नाही. पण पुतण्या पुण्याहून आला होता, त्यानं टीव्हीवर डायर स्ट्रेट्स नावाच्या बँडचा 1992 सालचा प्रोग्राम लावला, आणि त्यात एक जण बसून आडव्या वाद्यावर लोखंडी कांडी फिरवायलाय, पायाखाली पेडल, आणि सूर असा निघायलाय की अंगावर काटा आला. नाव पॉल फ्रँकलिन म्हणून पुतण्यानं सांगितलं. आता रोज रात्री जेवण झालं की मी तेच ऐकायलोय, घरातले वैतागले. हे वाद्य काय आहे, आणि एवढा गोडवा वाद्याचा का त्या माणसाचा?

उत्तर : दादा, पत्र वाचून लई आनंद झाला. त्या प्रोग्रामात स्टेजवर नऊ जण आहेत, पुढं मार्क नॉफ्लरसारखा गिटारवाला उभा आहे, आणि तुमचा कान गेला तो बसून वाजवणाऱ्या माणसाकडं. संगत करणाऱ्याचाच कान तो, दुसऱ्याचा नाही जायचा.

वाद्याचं नाव पेडल स्टील गिटार. चार पायांवर उभी चौकट, वर दहा तारा, पुष्कळ जणांकडं शेजारी शेजारी दोन पट्ट्या म्हणजे वीस तारा. डाव्या हातात गुळगुळीत गोल पोलादी बार, तो तारांवर नुसता टेकवायचा, तार खाली दाबायची नाही, त्यामुळं पडदे म्हणून जे दिसतात त्या फक्त रेघा आहेत, सूर रेघेवर नाही, कानावर लावायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. डावा पाय खालच्या पेडलवर, उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, आणि वरून दोन्ही गुडघ्यांना बाजूला ढकलायचे लिव्हर. म्हणजे दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळं एकाच वेळी चालू, आणि चेहरा बघितला तर माणूस शांत बसलाय.

आता खरी गोष्ट सांगतो, तुम्ही पेटीवाले म्हणून सरगममध्येच सांगतो म्हणजे लगेच कळेल. ज्या पट्टीवर जास्त वाजवतात ती ई नाइन (तारा जुळवायच्या एका पद्धतीचं नाव), तिच्यातल्या मधल्या तारा म्हणजे सा, ग, प. बार कुठंही ठेवा, तिथं तुमचा सा. आता पहिला पेडल दाबला की पंचमाची तार ओढली जाऊन धैवत होते, दुसरा दाबला की गंधाराची तार मध्यम होते. आणि सा? सा हलतच नाही. आपल्याकडं मींड म्हणजे सतार असो सारंगी असो, एक सूर निघतो आणि दुसऱ्याकडं जातो, मागं तंबोरा वेगळा कुणीतरी धरलेला असतो. इथं एकाच वाद्यावर एकाच क्षणी सा खाली ठाम उभा, आणि त्याच्याच अंगावरून ग निघून म ला चालला, प निघून ध ला चालला, दोघं एका वेगानं नाही बरं का, एक जरा आधी, एक जरा मागून. तुमच्या अंगावर काटा आला ना, तो इथं आला. मी तरी एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या वाद्यावर हे असं ऐकलं नाही.

पेडल असलेल्या स्टील गिटारी 1940 च्या आधी-मागं आल्याच होत्या, पण तेव्हा पेडलचा उपयोग एवढाच, की थांबायचं, पेडल दाबून तारा नव्या सुरात घ्यायच्या, मग वाजवायचं. बड आयझॅक्स नावाच्या वादकानं सूर वाजत असतानाच पेडल दाबला, आणि गायक वेब पिअर्सच्या गाण्यात तो आवाज 1954 साली अमेरिकेत घरोघर रेडिओवर गेला. असं म्हणतात की बाकीचे वादक वेडे झाले, काहींनी आपल्या गिटारीला घरीच पेडल बसवून घेतले. पुढं बडी एमन्स आणि जिमी डे या वादकांनी एकाच पेडलवरची ती ओढ दोन पेडलांत वेगळी केली, म्हणून आज ग आणि प वेगवेगळे चालवता येतात. एमन्स 2015 मध्ये गेले, पण आजही या वाद्याच्या माणसांत त्यांचं नाव निघालं की आधी कानाला हात जातो, मग बोलणं.

आता गोडवा कुणाचा. फ्रँकलिन मूळचे अमेरिकेतल्या डेट्रॉईटचे, वडील स्वतः पेडल स्टील बनवणारे, त्यामुळं वाद्य घरातलंच, आणि आयुष्य तिथल्याच नॅशविल शहरातल्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यामागं वाजवण्यात गेलेलं. हे दुसऱ्यांच्या गाण्यामागं म्हणतोय ते लक्षात घ्या. पुन्हा ऐकाल तेव्हा एकच करा, गायक गात असताना ते काय करत नाहीत ते ऐका. शब्द चालू असतो तोवर एखादा लांब सूर मागं धरलेला, कधी तेवढाही नाही, आणि गायकानं श्वास घेतला की त्या फटीत दोन-तीन सुरांची ओळ, आणि पुढचा शब्द यायच्या आत बाहेर. एवढं मोठं मैदान, ढोल-ड्रम, गिटारी, सॅक्सोफोन, त्यात हा माणूस आवाज वाढवून भांडत नाही, रिकामी जागा शोधतो. तुम्ही अभंगाला संगत करता, बुवा तान घेताना पेटी कुठं सोडायची हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून माझं स्पष्ट मत, वाद्यात गोडवा आहे पण ते गोड वाद्य कुणी सतत वाजवत बसला तर दहा मिनिटांत कंटाळा येतो, मी ऐकलेत तसे. तुम्ही रोज रात्री ऐकूनही कंटाळला नाहीत, ते त्या माणसाचं.


प्रश्न (उदगीर) : दादा मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, लग्नाचे आणि गणपतीचे कार्यक्रम असतात. स्टील गिटारचा टोन मला लई आवडतो, बोटात स्लाइडची नळी घालून ट्राय करतो, प्रोसेसरवर रिव्हर्ब, कोरस, डिले सगळे इफेक्ट लावले पण तसं येत नाही, सूर कडक लागतो आणि मागं खरखर राहते. कुठलं सेटिंग लावू?

उत्तर : मित्रा, आधी ते सगळं बंद कर. रिव्हर्ब थोडा राहू दे बाकीचं बंद. तुझ्या पत्रातच उत्तर आहे, सूर कडक लागतो आणि मागं खरखर राहते, या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हीचा प्रोसेसरशी संबंध नाही.

कडक लागतो ते नखीच्या पहिल्या ठोक्यामुळं. पेडल स्टीलवाला उजव्या पायानं आवाजाचा पेडल चालवतो तो मोठं-बारीक करायला नाही फक्त. तार छेडताना पेडल अर्धवटच उघडा ठेवतो म्हणजे ठोका दबतो, आणि सूर विरायला लागला की पाय हळूहळू पुढं, जेवढा सूर कमी होतो तेवढाच आवाज वाढवत न्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं सूर खाली पडलाच नाही. चढावर ट्रॅक्टर उभा आहे आणि क्लच सोडायचाय, तसा पाय लागतो, एक बोटभर जास्त गेला की झटका. हे जमलं तर अर्धा टोन तिथंच आला, व्हॉल्यूम पेडल साधा घे, महागाची गरज नाही. फक्त प्रत्येक सुराला पाय हलवत बसू नकोस, नवीन पोरं करतात ते, सगळं गाणं हिंदकळल्यावाणी होतं.

मागची खरखर म्हणजे जुन्या तारा वाजत राहतात ती. चांगला स्टीलवाला जेवढा वेळ सूर काढायला शिकतो तेवढाच वेळ सूर बंद करायला शिकतो. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड तारांवर टेकवून, पुढचा सूर छेडायच्या क्षणी उचलायची, लगेच परत ठेवायची. काही जण तळहात न लावता नखीचीच बोटं तारेवर परत ठेवून सूर तोडतात. आणि डाव्या हाताची बारमागची बोटं तारांवर आडवी पडलेली पाहिजेत, हवेत नाही, नाहीतर बारच्या मागची तार पण गुणगुणते. फ्रँकलिनच्या जलद ओळीत एकेक सूर सुटा सुटा ऐकू येतो ना, ती करामत छेडण्यापेक्षा बंद करण्याची आहे. आणि तिथून लगेच लांब सुरावर गेले की हात सोडून देतात, सगळ्या तारा मोकळ्या. एका ओळीत सुटं आणि मोकळं दोन्ही.

कंप हळू ठेव. बार मागं-पुढं करताना सुराच्या खाली-वर सारखाच, आणि सूर लागल्या लागल्या नको, आधी सूर सरळ उभा राहू दे मग हलव. ऑर्केस्ट्रात आपल्याकडं पहिल्यापासूनच थरथर लावतात, त्यानं सूर नेमका कुठं आहे तेच कळत नाही. गाणं असेल तर गायकाच्या ओळी पाठ कर, तुझ्या नव्हे त्याच्या.


प्रश्न (अंबाजोगाई) : नमस्कार, मी गाण्याचे क्लास घेते. मुलीनं मला पेडल स्टीलचे व्हिडिओ दाखवले. एक गोष्ट खटकली म्हणजे चांगल्या अर्थानं, त्यांचा सगळ्या तारांचा एकत्र आवाज येतो तेव्हा तो तंबोऱ्यासारखा शांत वाटतो, आमच्या क्लासच्या कीबोर्डवर तेच सूर दाबले तर शांत वाटत नाही. हा माझा भास आहे का?

उत्तर : ताई, भास बिलकुल नाही, आणि हे तुम्ही कानानं पकडलं याचं मला फार कौतुक वाटतं. फरक गंधाराचा आहे.

तुमच्या तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो, क्लासमध्ये पोरींना तुम्ही ऐकवतच असाल. तो गंधार सा च्या सव्वापट, पाचास चार. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेत, त्यामुळं तिथला गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा चढा बसतो, आणि फरक बारीक नाही, एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर जवळजवळ चौदा भाग. एकेकटा वाजवला तर चालून जातो, पण सा आणि प बरोबर धरून ठेवला की तीन सुरांत लाटा उठतात, तीच तुम्हाला अशांत वाटते. बऱ्याचशा हार्मोनियमचंही हेच दुखणं, आपल्याकडं त्यावर किती वाद झाले तुम्हाला माहीतच आहे.

स्टील गिटारवाल्याचा तर सगळा धंदा लांब सुरांचा, तीन तारा एकत्र आणि पाच-सहा सेकंद धरलेल्या, लाटा उठल्या तर लगेच उघडं पडतं. म्हणून बरेच वादक गंधाराच्या तारा ट्यूनरच्या मधल्या काट्यावर न लावता खाली लावतात, कोणी पुरते चौदा भाग, कोणी मधेच कुठंतरी. एवढंच नाही, पेडल दाबला की पंचमाचा धैवत होतो असं वर सांगितलं, तो धैवत म्हणजे मध्यमाला सा धरला तर त्याचा गंधार, मग तोही खाली लावावा लागतो, त्यासाठी वाद्याच्या कडेला प्रत्येक ओढीचा वेगळा स्क्रू असतो. म्हणजे मोकळ्या तारेचा सूर वेगळा जुळवायचा आणि पेडल दाबल्यावरचा वेगळा. वर आणखी एक अडचण, पेडलनं तार ताणली की सगळी चौकट किंचित वाकते आणि न हललेल्या तारा जरा उतरतात, ते वादक बार तसूभर सरकवून सांभाळून घेतो, वाजवता वाजवता. आणि शेजारी कीबोर्डवाला आपल्या चढ्या गंधारावर बसलेला असतो, त्याच्याशीही जमवायचं! लाइव्ह प्रोग्रामात हे सगळं मॉनिटरच्या म्हणजे स्टेजवरच्या स्पीकरच्या गोंगाटात होतंय, हे लक्षात ठेवून ऐका म्हणजे त्या शांत आवाजाची किंमत कळेल.

मुलीला म्हणावं एक व्हिडिओ तंबोऱ्याच्या ॲपवर सा जुळवून लावून बघ. ई मध्ये वाजवलेलं गाणं असेल तर ॲपचा सा ई करायचा, बस्स. मी हे करून बघितलंय आणि त्यानंतर मला ते वाद्य परकं वाटलंच नाही.


प्रश्न (नांदेड) : आमच्या वडिलांची हवाईयन गिटार माळ्यावर आहे. ते सिनेमाची गाणी वाजवायचे, घरात सुनील गांगुलींच्या रेकॉर्डी पण होत्या. त्या गिटारवर पेडल स्टीलसारखं काही वाजवता येईल का? का नवीन पेडल स्टीलच घ्यावी लागेल?

उत्तर : पेडल स्टील घ्यायच्या फंदात आत्ता पडू नका, वाद्य महाग, वजनदार, आणि बिघडलं तर इथं उघडून दुरुस्त करणारा सापडणं अवघड. आणि वडिलांची गिटार माळ्यावर ठेवू नका, ती या वाद्याची थोरली बहीण आहे. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या पोरानं 19व्या शतकाच्या शेवटी तारांवर लोखंड फिरवायला सुरुवात केली असं मानतात, तिथून एक वाट अमेरिकेत पेडलपर्यंत गेली, दुसरी आपल्याकडं आली. टाऊ मो हे हवाईचे वादक 1940 च्या दशकात कुटुंबासकट कोलकात्यात राहून गेले, मग व्हॅन शिप्लींनी सिनेमात वाजवली, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग मांडले, विश्वमोहन भट्टांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. तुमच्या वडिलांनी वाजवलं ते याच वाटेवरचं.

आता कसं वाजवायचं. गिटार सा-ग-प अशी मोकळी जुळवा. बार एका जागी सरळ धरा, सा आणि ग दोन्ही तारा एकत्र छेडा, आणि डाव्या हाताच्या अनामिकेनं बारच्या मागची, म्हणजे खुंट्यांच्या बाजूची ग ची तार हळूच ओढा. बार हलता कामा नये. अर्धाच सूर चढवायचाय, ग चा म झाला की थांबायचं, तिथं जरा राहायचं, आणि सोडताना आणखी हळू सोडायचं. लॅप स्टीलवाले, म्हणजे मांडीवरची बिनपेडलची स्टील गिटार वाजवणारे, पेडलची नक्कल अशीच करतात. पहिले दिवस बोट दुखेल आणि म पुरता लागणार नाही, पेटीचा म शेजारी धरून ठेवा कुणालातरी. प चा ध अशा ओढीनं काढायला फार जोर लागतो, तो नंतर. बारच्या फार जवळ ओढू नका, चार-पाच बोटं मागं ओढलं की तार सोपी जाते.

फक्त त्याआधी तारा नव्या टाका, इतकी वर्षं माळ्यावर गंजलेल्या तारा ओढाल तर पहिल्याच ओढीत तुटतील आणि डोळ्याला लागायची भीती. आणि बार वडिलांचाच असेल तर हाताला वरून नीट चाचपून बघा, कुठं खाच पडली असेल तर बदला, खाचेचा बार नवी तार पण खरखरवतो.