सुट्टे युरो आणा

ताई, तुम्ही विचारलंत की मिस्टर आधीच म्युनिकला पोचलेत, मी मुलीला घेऊन मार्चमध्ये निघतेय, तर रोकड किती आणू, की फॉरेक्स कार्ड, म्हणजे निघण्याआधी युरो भरून घेतलेलं कार्ड, पुरेल? एका माणसाला एका खेपेला 3,000 डॉलरच्या किमतीपर्यंतच नोटा नेता येतात, 10,000 युरो किंवा जास्त असतील तर इथे कस्टमला सांगावं लागतं, हे मनी चेंजर सांगेलच. मी बाकीचं सांगते.

मी 2016 साली आले तेव्हा आईने सलवारीला आतून चोरखिसा शिवून दिला होता. त्यात 1,500 युरो, सगळे पन्नासच्या नोटांत. तिथेच चुकलं. पाच-दहा-वीसच्या नोटा हट्टाने मागून घ्या. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत कार्ड चालत नव्हतं, आणि दीड युरोच्या पावाला पन्नासची नोट काढली की काउंटरवरची बाई असा सुस्कारा टाकायची की मी रस्ताच बदलला. आता बरंच सुधारलंय, तरी काही ठिकाणी अजून फक्त रोख, नाहीतर यांचं गिरोकार्ड, म्हणजे इथल्या बँकेचं डेबिट कार्ड. तिथे आपलं फॉरेक्स कार्ड शोभेचं.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', झाल्याशिवाय आमची बँक खातं उघडेना. नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. आमचं पहिलं घर तात्पुरतं, मालक सही देईना. सात आठवडे गेले यात. माझे स्वतःचे पैसे होते हो, नाशिकला अकरा वर्षं नोकरी केली होती. पण ओटीपी येणार नाशिकच्या नंबरवर, आणि तो मी 'आता काय करायचाय' म्हणून निघण्याआधी बंद करून आले होते. चोरखिसा रिकामा झाल्यावर रोज सकाळी नवऱ्याकडे वीस युरो मागायचे. त्याने कधी नाही म्हटलं नाही. एकदाच विचारलं, "कशाला?" त्याला ते आठवतही नाही.

मुलगी तिसरीत होती. इथे सहलीचे पैसे पाकिटात घालून वर्गात द्यायचे. बारा युरो हवे होते, मी पन्नासची नोट घातली. बाईंनी पाकीट परत पाठवलं, वर लिहिलं 'पासेंड', म्हणजे बरोब्बर तेवढेच. पोरीला जर्मन येत नव्हतं. तिला वाटलं, आपल्याला नेणार नाहीत. मला बोललीच नाही. सहल गुरुवारी झाली, ती दिवसभर दुसऱ्या वर्गात बसली. पाकीट मला शुक्रवारी दप्तरात सापडलं. आता ती हसून सांगते. मला अजून हसू येत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. होतं तसं. पहिल्या हिवाळ्यात जास्त. डॉक्टरला विचारून व्हिटॅमिन डी घ्या.

तर सिम रोमिंगसह चालू ठेवा आणि ओटीपी इथे येतो का ते पहिल्याच दिवशी बघा. मिस्टरांच्या खात्याशी संबंध नसलेलं, तुमच्या नावाचं एक कार्ड आणा. एटीएम 'रुपयांत वळवू का' विचारेल, युरोच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. आणि दोन महिने पुरतील एवढे पैसे स्वतःच्या हाताशी असू द्या. त्यांचा हिशेब मिस्टरांना देऊ नका. नाही, द्या, ते चांगलेच असतील. पण शाळेचे सुट्टे वेगळ्या डब्यात ठेवा.