पोच घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही

पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दादाच्या संजय गांधी निराधार योजनेच्या केसचं काय झालं ते तू सांगितलंस, पण सगळा मेसेज ऐकून मला एवढंच कळलं की काय झालंय ते तुलाही माहीत नाही. आधी तहसीलमधल्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले उत्पन्न जास्त आहे, मग म्हणाले नावावर जमीन आहे, मग म्हणाले अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची मिटिंगच झालेली नाही, आणि शेवटी तहसीलबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं की तीन हजार दे, मी करून देतो. आणि आता तू मला विचारतेस, काकू अपील करू का सोडून देऊ. अगं, अपील कशावर करणार? नामंजूर झाल्याचा कागद कुठाय?

तुझा दादा लाचार नाही, हे पैसे कोणाचे उपकार नाहीत, ते सगळं मी तुला सांगत बसणार नाही, तू त्या घरात वाढलीयस जिथे हे सांगावं लागत नाही. मला फक्त एक विचारायचंय. अर्ज दिला तेव्हा पोच घेतलीस का? मेसेजमध्ये तू त्या भाऊसाहेबांच्या टेबलावरच्या गणपतीबद्दलसुद्धा बोललीस पण पोचेबद्दल एक शब्द नाही, म्हणजे घेतली नसणार.

आता शांतपणे वाच. संगायोच्या टेबलावर (संजय गांधी योजनेला तिथे सगळे संगायोच म्हणतात, तूही तसंच म्हणायला शीक, समोरच्याला कळतं की ही पहिल्यांदा आलेली नाही) केस तीन ठिकाणी अडकू शकते. नामंजूर होते, किंवा त्रुटीत निघते म्हणजे कागद कमी पडतो, किंवा नुसती प्रलंबित पडून राहते. तीन आजार वेगळे, तिन्हीचं औषध वेगळं. नामंजूर असेल तर अपील. त्रुटीत असेल तर अपील करायचंच नाही, त्रुटी काय ते लिहून घ्यायचं आणि पूर्तता करायची. प्रलंबित असेल तर स्मरणपत्र, मग त्यावर आणखी एक. तू सांगितलेल्या तीन कारणांपैकी पहिली दोन खरी असतील तर केस नामंजूर आहे, तिसरं खरं असेल तर केसला अजून कोणी हातच लावलेला नाही. एकाच फाईलचं तिन्ही एकदम कसं होईल? होत नाही. तोंडी मात्र होतं, कारण तोंडी बोलण्याखाली सही नसते.

आता तो उत्पन्नाचा भाग बघ, कारण तिथे मला खरंच राग आलाय. तुमचा दाखला ४८ हजारांचा आहे आणि तुला सांगितलं गेलं की २१ हजारांच्या आत पाहिजे. २१ हजाराची अट आहे, बरोबर, पण ती विधवा, परित्यक्ता वगैरे बाकीच्यांना. दिव्यांगांना वार्षिक ५० हजारांपर्यंत चालतं. दादाच्या यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगाच्या ओळखपत्रावर, ५५ टक्के आहे, लागतात किमान ४०. तो बसतो! सरळ बसतो! मी मोबाईल ठेवून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. त्या माणसाने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, बहुतेक त्याच्या डोक्यात तो एकच आकडा बसलाय, दिवसभर त्याच्यासमोर २१ हजाराचेच दाखले येत असतात. पण हेच त्याला लिहून द्यायला सांगितलं असतंस तर लिहिताना त्याने जीआर उघडला असता, आणि उघडला असता तर लिहिलंच नसतं. म्हणून लेखी मागायचं. भांडायला नाही, तपासायला लावायला.

(आणि त्या २१ हजाराबद्दल काय बोलू. वर्षाला २१ म्हणजे महिन्याला १७५०. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ ला ३१२ रुपये रोज, म्हणजे एखादी बाई वर्षात अडुसष्ट दिवस कामावर गेली की ती निराधार राहिली नाही. लाडक्या बहिणीला अडीच लाखांपर्यंत चालतं आणि त्याच गावातल्या, त्याच गल्लीतल्या विधवेला निराधारसाठी २१ हजार. सगळ्यांना माहितीय, तलाठ्याला माहितीय, तहसीलदारांना माहितीय, आणि दाखले निघतात २१ हजाराचेच. यावर मी चिडले की आमचे हे म्हणतात तू कशाला बीपी वाढवून घेतेस.)

जमिनीचं म्हणशील तर ८-अ चा खातेउतारा काढ. तुझ्या वडिलांचं नाव त्यात नऊ जणांमध्ये सातवं आहे, मला तू दिवाळीत दाखवला होतास तो उतारा. खातं सामाईक, क्षेत्र सगळ्यांचं मिळून, वाटणी झाली तर हातात येईल वीसबावीस गुंठे कोरडवाहू. टेबलावरच्या माणसाने वरचा आकडा वाचला, खालची नऊ नावं वाचली नाहीत. तू उताऱ्याच्या झेरॉक्सवर त्या नावांखाली पेनाने रेघ मार, एकूण क्षेत्राशेजारी "सामाईक खाते" लिही, आणि ती अर्जाला जोड. सांगत बसू नकोस, दाखव.

तर सोमवारी जा आणि साधा अर्ज दे. प्रति, तहसीलदार. मजकूर दोन ओळींचा. "माझा दिनांक अमुकचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज नामंजूर झाल्याचे तोंडी सांगण्यात आले आहे. तो नामंजूर, त्रुटीत की प्रलंबित आहे, नामंजूर असल्यास कोणत्या शासन निर्णयातील कोणत्या अटीनुसार, आणि त्याविरुद्ध अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचे, हे लेखी कळवावे." खाली दादाची सही, तुझी नाही, अर्जदार तो आहे. दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर आवक शिक्का, तारीख, आवक नंबर आणि घेणाऱ्याची सही. हे काम संगायोच्या टेबलावर करू नकोस, खाली टपाल शाखेत कर, तिथल्या माणसाला तुझ्या केसशी देणंघेणं नसतं, तो शिक्का मारतो आणि मोकळा होतो. पोच घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही. साहेब जेवायला गेलेत म्हटले तर बस. शिक्का सापडत नाही म्हटले तर सापडेपर्यंत बस. अगदीच नाही म्हटले तर स्पीड पोस्टाने पाठव, पावती जप आणि पोचल्याचं ट्रॅकिंग प्रिंट करून त्याच फाईलला लाव, तीही पोचच.

तू म्हणशील काकू तुमचं सगळं पोचेवरच येतं. हो येतं. आमच्या सासूबाईंची श्रावणबाळची, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनची, केस टाकली होती, तेव्हा महिना ६०० रुपये मिळायचे. टेबलावरचा माणूस ह्यांच्या ओळखीचा, चहा पाजणारा, आणि ओळखीच्या माणसाकडे पोच मागायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मी म्हणत होते मागा म्हणून, कोणी ऐकलं नाही. मग त्या भल्या माणसाची बदली झाली, नवीन बाई आल्या, त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं, नावच नाही. अर्जच आलेला नाही. काय करणार? पुन्हा वयाचा पुरावा, पुन्हा दाखला, पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई मला म्हणायच्या, सूनबाई माझा पगार कधी चालू होणार गं. त्या शब्दाचा मला अजून त्रास होतो, पगार. तेव्हापासून मी ओळखीच्या माणसाकडे तर आधी पोच मागते.

मला माहितीय तालुक्याला माझ्याबद्दल काय बोलतात. ही बाई आली की लोक टेबल सोडून चहाला जातात म्हणे. म्हणू देत. तुझ्या मावशीने तर मला तोंडावर ऐकवलं की तुमच्या कागदांपेक्षा आमच्या पुढाऱ्याचा एक फोन बरा, आमची केस पुढच्याच मिटिंगला झाली. झाली असेल. समितीवर अशासकीय अध्यक्ष असतो, पालकमंत्र्यांच्या शिफारशीने बसलेला, त्याला फोन गेला तर फाईल वर येते हे मी नाकारत नाही, मी काही काल जन्मले नाही. पण फोनवर झालेलं काम फोनवरच बंद पडतं, आणि सरकार बदललं की समित्या बदलतात, मग तो फोन उचलतं कोण? माझ्या रस्त्याने वेळ लागतो, कबूल आहे. पण त्या रस्त्याने गेलेल्यांना कोणाच्या प्रचाराला जावं लागत नाही, आणि मला हे महत्त्वाचं वाटतं, तुला वाटत नसेल तर तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. (घेईन थोडं.)

आणि सगळे कारकून वाईट नसतात हेही लिहिते नाहीतर तू तिथे भांडायच्या तयारीने जाशील. मला एका तहसीलमधल्या मॅडमनी हळूच सांगितलं होतं, ताई तुम्ही लेखी द्या म्हणजे मला टिपणी लिहून वर पाठवता येतं, तोंडी आलात तर मी काय करू. बघ म्हणजे. कागद त्यांनाही लागतो. तुझ्या अर्जाने त्या बाईचंही काम सोपं होतं.

महिनाभर उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय. बीपीएलचा दाखला जोडलास तर फी नाही. "का" विचारू नकोस, "का" ला ते म्हणतात ही माहिती नव्हे. कागद माग. दादाच्या अर्जावरच्या टिपणीची प्रत, तलाठ्याच्या चौकशी अहवालाची प्रत, समितीच्या ज्या बैठकीत विषय ठेवला तिच्या इतिवृत्ताची प्रत. त्याच कायद्यात कलम ४(१)(घ) आहे, त्यात निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्याला द्यायची असं स्पष्ट लिहिलंय, ते अर्जात टाक, वजन पडतं. ३० दिवसांत दिलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. दाखला अडवला असेल तर मात्र माहिती अधिकाराच्या मागे लागू नकोस, तिथे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, तो सरळ लागतो. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत, नाही दिला किंवा नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग, आणि विनाकारण अडवणाऱ्याला ५०० ते ५००० दंड. कोणत्या सेवेला किती दिवस आणि अपील कोणाकडे, तो फलक ऑफिसात लावणं त्यांना बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी तो कपाटामागे असतो. मोबाईलवर फोटो काढ.

नामंजुरीचा कागद एकदा हातात आला की अपील अगदी छोटं काम आहे. एक पान. तुमची परिस्थिती, दादाचा अपघात, आईचे गुडघे, ते सगळं खरं आहे पण ते अपीलात लिहू नकोस, वाचणाऱ्याला त्यातून काही ठरवता येत नाही. त्यांनी दिलेलं कारण एक, त्यावर तुझं उत्तर एक, पुरावा कोणत्या पानावर. "२१ हजारांच्या अटीनुसार नामंजूर केले आहे, अर्जदार ५५ टक्के दिव्यांग असून त्यास ५० हजारांची मर्यादा लागू आहे, दाखला ४८ हजारांचा, पान ३." संपलं. शेवटी मागणी लिहायची विसरतात लोक, ती लिही, की नामंजुरीचा आदेश रद्द करून अर्ज मंजूर करावा. मूळ कागद कोणालाही देऊ नकोस, यूडीआयडी कार्ड तर हातातून सोडूच नकोस. आणि तिथेही दोन प्रती, तिथेही शिक्का, तुला पाठ झालं असेल आता.

कुठेच हललं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिन असतो, पण त्याला आधी अर्ज द्यावा लागतो आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की खाली अर्ज दिला होता त्याचा पुरावा काय. काय दाखवशील?

झेरॉक्सवाल्याला तीन हजार देणार असशील तर मला सांगू नकोस. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झालेत, म्हणजे दादाच्या एका महिन्यापेक्षा जास्त तो घेणार, आणि करणार काय, तर तोच अर्ज त्याच टपाल शाखेत देणार. पोच मात्र त्याच्या ड्रॉवरमध्ये राहील.

एक राहिलं. पैसे आता डीबीटीने म्हणजे सरळ बँक खात्यात येतात, आधारला जे खातं शेवटी जोडलं असेल त्यात. दादाचं शाळेतलं स्कॉलरशिपचं खातं, मग पतसंस्थेचं, मग पेमेंट बँकेचं मोबाईलवालं, असं काय काय आहे ते तुलाच माहीत. अर्जात एका खात्याचं पासबुक आणि आधार दुसऱ्याला जोडलेलं, यात मंजूर झालेल्या केसेस कोरड्या राहिल्यात. उद्याच बँकेत जा आणि सीडिंग कुठे आहे, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडलंय, ते बघ, बदलायचं असेल तर फॉर्म भरून दे. बँकेतही पोच देतात, मागितली तर.

काकू

ता.क. दादाला म्हणावं सही अर्जावर आणि यूडीआयडीवर सारखी कर, मागच्या वेळी इंग्रजीत केली होती.