‘प्रिसीड’ : आधी कोण आणि मागून कोण?

प्रश्न : स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत ‘प्रिसीड’ हा इंग्रजी शब्द वारंवार आढळतो. त्याचा नेमका अर्थ काय, समानार्थी शब्द कोणते, आणि ‘प्रिसीडेड बाय’ अशी रचना आली की आधीचे कोणते व नंतरचे कोणते याचा घोळ का होतो?

उत्तर : ‘प्रिसीड’ म्हणजे काळाने, क्रमाने किंवा मानाने आधी असणे. लॅटिनमधील ‘आधी’ आणि ‘जाणे’ अशा अर्थांच्या दोन शब्दांपासून तो बनला आहे. ‘प्रोसीड’ हे त्याचेच भावंड असले, तरी त्याचा अर्थ पुढे सरकणे किंवा काम चालू ठेवणे असा आहे.

आपण विचारलेल्या घोळाचे मूळ कर्मणी रचनेत आहे. ‘अ प्रिसीड्स ब’ म्हटले की अ आधी येतो; पण ‘अ इज प्रिसीडेड बाय ब’ म्हटले की वाक्यात अ पहिला दिसत असूनही प्रत्यक्षात ब आधी असतो. मराठीत आपण सरळ ‘अ-च्या आधी ब येतो’ असे म्हणतो, त्यामुळे ही उलटापालट चटकन ध्यानात येत नाही. 3 5 7 2 5 3 5 9 ही अंकमालिका घ्या. ज्यांच्या लगेच आधी 3 आहे असे 5 किती, असे विचारले तर उत्तर दोन येते. रचना उलटी वाचणारा मात्र ज्याच्या पुढे 3 आहे असा मधला एकच 5 मोजतो आणि हकनाक गुण गमावतो. हे क्रियापद सकर्मक असल्याने त्याला ‘बिफोर’ जोडणेही चूक ठरते.

समानार्थी शब्दांपैकी ‘कम बिफोर’ आणि ‘गो बिफोर’ हे रोजच्या वापरातले आहेत. ‘प्रीडेट’ आणि ‘अँटीडेट’ हे केवळ काळापुरते चालतात. कागद मुद्रणकलेच्या आधीचा आहे हे सांगताना ते शोभतात, पण रांगेतील क्रमासाठी नव्हे. ‘हेरल्ड’ हा शब्द कोशांत याच यादीत सापडला, तरी जपून वापरावा, कारण त्यात पुढे येणाऱ्या गोष्टीची वर्दी देणे अभिप्रेत आहे. सोमवार मंगळवारच्या आधी येतो, मात्र त्याची वर्दी देतो असे कोणी म्हणणार नाही. विरुद्धार्थी म्हणून ‘फॉलो’ आणि ‘सक्सीड’ हे शब्द आहेत.

याच कुळातील ‘प्रेसिडन्स’ म्हणजे अग्रक्रम. गणितात गुणाकाराला बेरजेपेक्षा अग्रक्रम असल्यामुळेच 2 + 3 × 4 याचे उत्तर 20 नसून 14 येते. ‘प्रेसिडंट’ म्हणजे पायंडा, आणि न्यायालयीन भाषेत पुढील खटल्यांत आधार म्हणून दाखवला जाणारा पूर्वनिर्णय. अध्यक्ष या अर्थाच्या शब्दाचा उच्चार मात्र ‘प्रेझिडंट’ असा आहे. तो ‘बसणे’ या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन धातूपासून आला असल्याने या कुळात मोडत नाही.